श्रद्धा, सभा आणि चैत्रातले ऊन

दवाखान्याबाहेरच्या बाकावर जेवढ्या चर्चा रंगतात, तेवढ्या ग्रामपंचायतीतही रंगत नसतील. नंबर यायला वेळ असतो, पंखा एकच असतो आणि वर्तमानपत्र हातोहात फिरत असते. आपल्या खानदेशात चैत्र-वैशाखात या चर्चेचे विषय ठरलेले असतात : सभा कोणाची मोठी झाली, वणीच्या गडावर पायी कोण निघाले आणि यंदाचे ऊन. कोणी कोणाला मत द्यावे, कोणत्या देवाला जावे, हे सांगणे डॉक्टरचे काम नव्हे. परंतु या बाकावर नेहमी ऐकू येणारी तीन मते अशी आहेत की त्यांच्यापायी माणसे आजारी पडतात, प्रसंगी दगावतात. आज त्या तीन मतांविषयी.

पहिले मत : ‘श्रद्धा असली की ऊन बाधत नाही.’

चैत्रातल्या यात्रेसाठी जळगाव-धुळ्याकडून हजारो भाविक सप्तशृंगीला पायी जातात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण शरीराचे काम त्याच्या नियमानेच चालते. आपल्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सियस असते. बाहेर त्याहून जास्त तापले की शरीर थंड ठेवण्याचा एकच मुख्य मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येणे आणि तो वाळणे. घामावाटे पाणी व मीठ जाते. ते भरून निघाले नाही, तर रक्ताभिसरणावर ताण येतो, चक्कर येते, पायात गोळे येतात, उलट्या होतात. त्याही पुढे गेले की शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. हाच उष्माघात.

साठीच्या पुढच्या एक मावशी यात्रेला निघण्याआधी मला म्हणाल्या, “डॉक्टर साहेब, देवी बोलावते तर ऊन काय करणार?” त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. अशा गोळीने शरीरातले पाणी आधीच कमी होते. मी त्यांना जाऊ नका म्हटले नाही. पहाटे चाला, दहाच्या आत सावली गाठा, चार-साडेचारनंतर पुन्हा निघा, एवढेच सांगितले. गोळीचे प्रमाणही तपासून घेतले. मावशी दोन दिवस उशिरा पोचल्या, पण सुखरूप पोचल्या. देवीने उशीर झाला म्हणून काही परत पाठवले नाही.

आपले कोणतेच धर्म याबाबत कठोर नाहीत. आजारी माणसाला आणि लहान मुलांना आपल्याकडे उपवासातून सूट असते. रमजान 2018 आणि 2019 साली ऐन मे महिन्यात आला होता. त्या धर्मातही आजारी व प्रवासी माणसाला रोजा पुढे कधीतरी भरून काढण्याची मुभा आहे. धर्म सवलत देतो, आपणच ती घेत नाही.

दुसरे मत : ‘सभेतून मधेच उठून जाणे बरे दिसत नाही.’

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे सकाळपासून उघड्या मैदानात बसून होती. त्या दिवशी त्या भागात तापमान 38 अंशांच्या आसपास होते. जळगावच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण तिथे उन्हाने त्रास होऊन 14 जण मृत्युमुखी पडले. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही. आणि न वाळणाऱ्या घामाने शरीर थंड होत नाही. दाट गर्दीत वारा लागत नाही, तेव्हा आपल्याकडेही तीच अवस्था होते. म्हणून नुसता पाऱ्याचा आकडा बघून चालत नाही.

ऊन पुढारी आणि कार्यकर्ता असा भेद करीत नाही. 24 एप्रिल 2024 रोजी पुसदच्या प्रचारसभेत भाषण करताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनाच भोवळ आली होती. त्यांच्याजवळ लगेच मदत होती. मैदानाच्या मधोमध बसलेल्या, गावाहून ट्रकने आणलेल्या म्हातारीजवळ कोण असते? परतीची गाडी सभा संपल्याशिवाय सुटत नाही, म्हणून ती उठतही नाही.

माझे मत स्पष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर सभा, मिरवणूक किंवा सोहळा होऊच नये, मग तो कोणत्याही पक्षाचा वा पंथाचा असो. इतर वेळी परवानगी देताना व्यासपीठाची मापे विचारतात, तशी श्रोत्यांवरच्या मांडवाची, पाण्याच्या टाक्यांची आणि रुग्णवाहिकेला मोकळ्या ठेवलेल्या वाटेचीही चौकशी झाली पाहिजे. सावली आणि पाणी हे आयोजकांचे उपकार नव्हेत. लोकांना बोलावले की ते त्यांचे कर्तव्य ठरते.

तिसरे मत : ‘आमचे आजोबा दिवसभर उन्हात राबायचे, त्यांना कधी काही झाले नाही.’

आजोबा दिवसभर राबत नव्हते, हे त्यांच्याबरोबर शेतात गेलेल्यांना ठाऊक आहे. ते तांबडे फुटता औत जुंपत, ऊन चढले की निंबाखाली आडवे होत आणि उन्हे कलल्यावर पुन्हा कामाला लागत. डोक्याला पागोटे, अंगात सैल सुती कपडे आणि न्याहारीला ताक असे. शिवाय उन्हाची सवय शरीराला हळूहळू, एक-दोन आठवड्यांत होते. वर्षभर दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्याने एकदम एके दिवशी चार तास उन्हात काढले, तर त्याने आजोबांचा दाखला देऊ नये.

आता कामाचे. घराबाहेर पडण्याआधी पाणी प्या, तहानेची वाट पाहू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते बरोबर ठेवा. ताक, पन्हेही चालेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी व मीठ किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. खिशातला कांदा भाकरीबरोबर खाण्यासाठी उत्तम. खिशात राहून तो ऊन अडवीत नाही.

कोणी बरळू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्व अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा व जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी देऊ नका, या तापाला ती लागू पडत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पण ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नका. यात गेलेली दहा मिनिटेही महाग पडतात.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत सभेचे किंवा यात्रेचे निमंत्रण घेऊन कार्यकर्ते येतील, तेव्हा त्यांना बसवा, चहा द्या आणि विचारा : “भाऊ, वेळ कोणती? मांडव आहे का? पाणी कुठे ठेवणार?” पाच-पंचवीस घरांतून हेच विचारले गेले, तर वेळ संध्याकाळची व्हायला फार दिवस लागणार नाहीत.