विष कोण फवारतो आणि मध कोण खातो?

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ पासून तो सुरू केला आणि आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतही त्या दिवशी पत्रके, भाषणे आणि फोटो होतात. मधमाशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आईनस्टाईनच्या नावावर हमखास वाचून दाखवले जाते. आईनस्टाईन असे कधी म्हणाल्याचा पुरावा नाही, पण ते राहू द्या. आमचा प्रश्न वेगळा आहे. माणूस संपेल म्हणता, तो कोणता माणूस? पाठीवर पंप बांधून दुसऱ्याच्या वावरात रोजीने विष फवारणारा माणूस तर मधमाशीच्या बरोबरीने, कधी तिच्या आधीच संपतो आहे. त्याचा दिवस कोणत्या तारखेला साजरा करता?

२०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांना काही दिवस डोळ्यांनी दिसेना. तेव्हा वरून प्रश्न काय आला? मास्क का घातला नाही, हातमोजे का घातले नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेने का फवारले? भादव्याच्या उन्हात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, प्लॅस्टिकचा कोट चढवून आठ तास पंप मारून दाखवा म्हणावे एकदा. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ ज्याला कुणी कधी सांगितला नाही, ज्याच्या हातात डबा येतच नाही, मालकाने बादलीत कालवून दिलेले पाणीच येते, त्याच्या माथी त्याच्याच मरणाचा दोष मारायचा. मेलेल्याला गुन्हेगार ठरवण्याची ही रीत आम्हाला नवी नाही. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारालाही हेच विचारतात.

त्याच मोनोक्रोटोफॉसने जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे मध्यान्ह भोजन खाऊन २३ लेकरे मेली होती. तरी त्याच्या नेहमीच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, कंपन्यांनी आक्षेपांचा ढीग लावला आणि अखेर त्यातली बोटावर मोजण्याइतकीच बंद झाली. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही तीन औषधे मधमाश्यांना घातक म्हणून युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला मनाई केली. आमच्याकडे पहिली दोन सर्रास मिळतात. युरोपच्या माशीचा जीव आमच्या मजुराच्या जिवापेक्षा महाग आहे, एवढेच यातून आम्हाला कळते. आणि या पदार्थाला 'औषध' म्हणायची सवयही मोडली पाहिजे. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात विषाचा व्यापार आहे. विषाला विष म्हणण्यापासून सुरुवात होते.

मेल्यावर तरी काय? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, तिच्यात विषबाधाही धरली आहे. पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, तो योजनेच्या भाषेत शेतकरीच नाही. फवारणारा बहुतेक वेळा हाच असतो. मध केंद्र योजना बघा. केंद्रचालक व्हायचे तर किमान एक एकर शेतजमीन दाखवा, स्वतःची नाही तर भाड्याची. सेंद्रिय शेतीच्या गटात यायचे तर पुन्हा सात-बारा. फुले सगळ्यांची, माशा कुणाच्याच नाहीत आणि अनुदान मात्र जमीनवाल्याचे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या मागणीला साठ वर्षे झाली तरी आमच्या वस्तीतल्या बाईची शेती म्हणजे घरामागची सांदवाडी, दोन मांडव आणि छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल.

आणि मधमाशीचा प्रश्न नेमका तिथेच येऊन बसतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, हा सगळा धानाचा पट्टा. धानाला माशी लागत नाही, त्याचे स्वतःचे स्वतः भागते. म्हणून आमच्याकडचे काही शहाणे म्हणतात, आपल्याला काय करायचे मधमाशीचे? त्यांना सांदवाडी दिसत नाही. कोहळे, दोडके, कारले, काकडी, यांच्या वेलाला नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. माशीने पराग नेला नाही तर इवलेसे फळ पिवळे पडून गळते. वांगे-टमाट्याचे तर आणखी निराळे: त्यांचा पराग फूल जोरात थरथरवल्याशिवाय नीट सुटत नाही. ते काम पेटीतली मधमाशी करत नाही. ते निळ्या पट्ट्यांची रानमाशी करते, काळा भुंगा करतो. ती माशी धुऱ्याच्या मऊ मातीत बीळ करून राहते, भुंगा वाळल्या लाकडात. धुऱ्यावर तणनाशक मारले की तिचे खाणे गेले, धुरा खोदून बांधी मोठी केली की घर गेले. पेट्या वाटून हे भरून निघत नाही. बड्या शेतकऱ्याचे धान माशीवाचून निघेल. ज्या घराची भाजी विकत येत नाही, त्या घराचे ताट रिकामे होईल.

तणनाशकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलू. धानाच्या बांधीत निंदणाला जाणाऱ्या बायांची रोजी या डब्यांनी खाल्ली. पण म्हणून चिखलात दिवसभर कंबर मोडून निंदण करणे किती सुंदर, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे लोक चिखलात उतरत नाहीत. आमची मागणी कष्ट टिकवण्याची नाही. मजुरी बुडाली त्याचा हिशेब कोण देणार आणि विषाशिवायचे यंत्र बाईच्या हातात का आले नाही, हे आम्ही विचारतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळू. पुण्या-मुंबईत आणि अलीकडे नागपुरातही 'विषमुक्त, स्थानिक, पारंपरिक' अन्नाचे मेळे भरतात. ताडोबाच्या वेशीवरच्या रिसॉर्टांच्या ताटातही गावरान भाजी आली आहे. विषमुक्त अन्नाला आमचा विरोध कसा असेल, विष आमच्याच अंगावर पडते. पण 'परंपरा' हा शब्द आला की आम्ही कान टवकारतो. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत सगळे देशी गाईच्या शेणा-गोमूत्रावर उभे आहे. आमच्या भूमिहीन बाईच्या दारात गाय कुठून येणार? २०१५ पासून राज्यात बैलाचीही कत्तल बंद झाली, म्हातारा बैल विकून नवा घेण्याचा गरीब शेतकऱ्याचा मार्ग बंद झाला, चामड्यावर आणि मांसावर जगणारी घरे बसली. गाईला शेतीच्या देव्हाऱ्यात बसवणारे लोक यावर एक शब्द काढत नाहीत. जमिनीचा कस शेणखताने वाढतो, पालापाचोळ्याने वाढतो, शेळीच्या लेंड्यांनी आणि म्हशीच्या शेणानेही वाढतो. जिवाणूंना जात कळत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाच्या गौरवाचा फुगा फोडला होता. गाव म्हणजे काय, हे ज्यांनी वेशीबाहेरून पाहिले त्यांना विचारा. म्हणून 'स्थानिक' म्हटले की आम्ही लगेच विचारतो, स्थानिक कुणाचे? याचे उत्तर नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावाच्या दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्यात आहे. दीड एकराचा दलित शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना दोन-चार वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षे लावून त्यांनी जे वाण तयार केले ते एचएमटी. आज ते नाव कोणत्याही किराणा दुकानात दिसते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ते बी नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' म्हणून बाजारात आणले. सरकारने त्यांना सोन्याचे पदक दिले. अडचणीत ते विकायला काढले तेव्हा त्यात नावापुरतेच सोने निघाले. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. एचएमटीचा भात खाऊन 'स्थानिक वाण वाचवा' म्हणणाऱ्या किती जणांना त्यांचे आडनाव माहीत आहे? ज्ञान आमच्या बांधीत पिकते आणि पोत्यावर शिक्का दुसऱ्याचा बसतो, हे जोवर बदलत नाही तोवर स्थानिक अन्नाची चळवळ ही गिऱ्हाइकांची चळवळ राहील.

आमच्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात की पर्यावरण हा भरल्या पोटाचा विषय आहे, आपण आरक्षण आणि अत्याचारावर बोलावे. त्यांना आम्ही दोन ठिकाणे दाखवतो. चीनच्या सिचुआन प्रांतात हान्युआन भागात नासपातीच्या बागांवर माणसे झाडावर चढून, काठीला बांधलेल्या पिसांनी एकेका फुलाला पराग लावतात. तिथे अतोनात फवारणी हे त्याचे एक कारण. दूरची गोष्ट वाटते? १९७० मध्ये गुजरातेत संकरित कपाशीचे पहिले वाण आले, तेव्हापासून संकरित बियाण्यासाठी कपाशीचे एकेक फूल हाताने सोलून हाताने फळवावे लागते. आंध्र, तेलंगणा आणि गुजरातच्या बियाणे-प्लॉटवर ते काम वर्षानुवर्षे लहान मुलींच्या बोटांनी करून घेतले, त्यातल्या बहुसंख्य दलित, आदिवासी आणि मागास जातींच्या. फुला-फुलावर फिरणारी माशी जाते तेव्हा तिच्या जागी कोण उभे केले जाते, याचा हा नमुना. सावली, मूल, गोंडपिपरीच्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, आठवड्यांमागून आठवडे फवारलेल्या झाडांत हात घालतात, शेतातच राहतात आणि तिथलेच पाणी पितात. हा भरल्या पोटाचा विषय आहे?

जंगलाच्या बाजूने पाहिले तर रस्ता काही ठिकाणी सापडलेला आहे. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येतच मध आणि मेण लिहिलेले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्याच्या कितीतरी आधी या गावाच्या अभ्यास गटाने आग्या मोहोळाचा अभ्यास केला होता. जुनी पद्धत म्हणजे रात्री टेंभा लावून माशा जाळायच्या आणि अख्खे पोळे उतरवायचे. वर्ध्याचे गोपाल पालीवाल यांनी जी पद्धत शिकवली तिच्यात अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापतात, अंड्या-अळ्यांचा भाग तसाच ठेवतात. माशा राहतात, पोळे पुन्हा भरते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपत्त्याची तोड बंद केली, कारण त्यासाठी झाडे छाटतात आणि रान पेटवतात. बांबूचे उत्पन्न हाती होते म्हणून गावाला ते परवडले, हेही खरे. पोटाची सोय आधी झाली आणि मग जंगलाची. हा क्रम उलटा करून आम्हाला कुणी उपदेश करू नये.

पण याच कायद्यात आदिवासी नसलेल्या जंगलवासीयाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायला सांगितले आहे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, ज्याचे नाव मालगुजाराच्या दप्तरात वेठबिगार म्हणूनही धड लिहिले गेले नाही, त्याने ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? जंगलातल्या बौद्ध वस्त्यांचे वैयक्तिक दावे या एका अटीवर पडले. आदिवासी आणि दलित यांना एकमेकांसमोर उभे करण्यासाठी यापेक्षा सोयीची अट सुचली नसती. ती काढलीच पाहिजे.

आणि धूळ? बंगळूरूच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये आग्या माशीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: शहराच्या प्रदूषित भागांतून पकडलेल्या माशांपैकी ८० टक्क्यांहून जास्त माशा २४ तासांत मेल्या. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आहेत, आणि एटापल्लीच्या सुरजागडहून लोहखनिजाचे ट्रक धावतात. रस्त्याकडेच्या मोहावर लाल थर चढतो. मधमाशी दिनाच्या फलकावर या खाणींचे नाव आम्हाला अजून दिसले नाही.

आमच्या मागण्या ग्रामसभेत मांडता येतील अशा आहेत आणि येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या प्रत्येक वस्तीने मांडाव्यात. ग्रामसभेत वस्तीतल्या प्रत्येक प्रौढ बाई-माणसाचे मत सरपंचाच्या मताइतकेच आहे. सार्वजनिक धुरे, पांदण आणि तलावाच्या पाळीवर तणनाशक मारायला बंदीचा ठराव घ्या. फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी फवारणी नको, कारण माशा तेव्हाच फुलांवर असतात. रोजीने फवारणाऱ्याला डबा दाखवल्याशिवाय, त्रिकोणाचा रंग सांगितल्याशिवाय पंप द्यायचा नाही, आणि त्याचे नाव-तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत लिहायची, म्हणजे उद्या काही झाले तर तो तिथे होता हे नाकारता येणार नाही. अपघात योजनेत शेतमजूर घ्या, सात-बारा असो वा नसो. अंगणवाडीत अमृत आहार शिजतो, शाळेत पोषण आहार शिजतो, त्याची भाजी, तूरडाळ आणि अंडी वस्तीतल्या बचत गटांकडून घ्या आणि पैसे महिन्याच्या आत द्या. गावठाणाची, पडीक जमीन भूमिहीन बायांच्या गटाला भाजीपाल्यासाठी लेखी पट्ट्याने द्या, तोंडी नको. १६ ऑक्टोबर १९५६ ला ज्या चांद्यात बाबासाहेबांनी आमच्या आजा-आजीला दीक्षा दिली, त्याच जिल्ह्यात तोंडी आश्वासने ऐकून तीन पिढ्या गेल्या आहेत. ठरावाची प्रत सचिवाच्या सहीशिक्क्यानिशी मागा आणि दिली नाही तर तसे लिहून मागा.