अंबरनाथचे इंधनघट आणि सिद्धतेचा पेच

डिझेल-विद्युत पाणबुडीचे सामर्थ्य तिच्या पाणतीरांइतकेच तिच्या बॅटऱ्यांवर अवलंबून असते. बॅटऱ्या उतरल्या की तिला पृष्ठभागाजवळ येऊन, हवानळी बाहेर काढून डिझेल इंजिने चालवावी लागतात. शत्रूच्या रडारला ती सापडण्याचा धोका त्याच वेळी अधिक असतो. हा धोका कमी करणारी, इंधनघटांवर म्हणजे ‘फ्युएल सेल’वर चालणारी हवाविरहित ऊर्जायंत्रणा अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली आहे. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या उद्योगांचा तीत सहभाग आहे. लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, हे तिचे वैशिष्ट्य.

८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेची जमिनीवरील महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. दोनच दिवसांनी कलवरी वर्गातील ‘करंज’ मुंबईत नौदलात दाखल झाली, ती मात्र या यंत्रणेविना. १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झालेली सहावी व अखेरची ‘वाघशीर’ही त्याला अपवाद ठरली नाही. पाकिस्तानच्या ‘हमझा’वर फ्रेंच बनावटीची हवाविरहित यंत्रणा २००८ पासून आहे.

३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार करून कोंडी फोडली. यंत्रणेचा स्वतंत्र खंड बांधून तो पाणबुडीत बसविण्याचे हे काम आहे. त्यासाठी पाणबुडीचे कवच कापावे लागते, वजनाचा तोल नव्याने साधावा लागतो आणि तोवर पाणबुडी सेवेबाहेर राहते. त्यामुळे नौदलाची सावधगिरी अनाठायी म्हणता येत नाही.

खरा पेच पुढेच आहे. ‘प्रकल्प ७५ (आय)’खालील सहा नव्या पाणबुड्यांसाठी समुद्रात सिद्ध झालेल्या यंत्रणेचीच अट घालण्यात आली. २०२५ मध्ये माझगाव डॉक आणि जर्मनीच्या टीकेएमएस यांच्या प्रस्तावावर वाटाघाटी सुरू झाल्या, त्या याच अटीच्या चौकटीत. समुद्रात उतरल्याखेरीज सिद्धता नाही आणि सिद्धतेखेरीज नव्या पाणबुडीत प्रवेश नाही, अशा चक्रात देशी संशोधन सापडले. ते भेदण्याची संधी कलवरी वर्गातच आहे. ती लांबली, तर अंबरनाथचे यश चाचणीच्या अहवालापुरतेच उरेल. म्हणूनच संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आता खर्चाच्या आकड्यांइतकाच वेळापत्रकाचाही हिशेब मागावयास हवा.