सहीआधी कलमे वाचा

नेरसारख्या गावातला कारागीरही आज घरबसल्या दुबईच्या कंपनीला कापडावरची नक्षी काढून देऊ शकतो. पण करारात तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. नोकराची रजा, पीएफ त्याला नाही. देशातल्या खरेदीदाराकडून लघुउद्योजकाला 45 दिवसांत पैसे मिळावेत, असा 2006 चा कायदा आहे. परदेशी कंपनीपुढे त्याचा आधार धरता येत नाही. म्हणून पैशाची मुदत करारातच लिहून घ्यावी. नक्षीचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच कंपनीकडे जातील, हेही लिहावे. वाद दुबईच्या कोर्टात चालणार असेल, तर थोड्या रकमेसाठी तिथे कोण जाणार? त्यापेक्षा निम्मी रक्कम आगाऊ मागावी. उधारीवर ठाण देताना आपण गिऱ्हाईक पारखतो. इथे कलमे पारखावीत.