विश्लेषण : घराचा ठेका दिला, पण करार नेमका कशाचा झाला?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत स्वतःच्या जागेवर घर बांधणारा माणूस बहुतेकदा आयुष्यात एकदाच बांधतो. त्यात फौजेतून निवृत्त झालेल्याचा फंड असतो, ऊसबिलातून साठवलेली रक्कम असते किंवा खानापूर-आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकाची परराज्यातली कमाई असते. एवढा पैसा गुंतलेला व्यवहार मात्र ‘चौरस फुटाला इतके, मटेरियलसह’ एवढ्या एका वाक्यावर ठरतो. स्लॅब झाल्यावर काम रेंगाळते आणि ‘हे ठरलंच नव्हतं’ असे दोन्ही बाजू म्हणू लागतात. अशा वेळी १८७२ चा भारतीय करार कायदा काय पाहतो?

तोंडी ठेका हा करार ठरतो का?

ठरतो. कायद्याच्या कलम १० नुसार सज्ञान व सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असेल तर करार होतो. घरबांधणीचा ठेका लेखीच हवा, असे हा कायदा म्हणत नाही. ठेकेदाराने कोटेशन दिले, मालकाने ‘करा सुरू’ म्हटले आणि विसार दिला, की प्रस्ताव, स्वीकृती आणि मोबदला तिन्ही आले. व्हॉट्सअॅपवर ठरलेला व्यवहार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून रद्द ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ सांगते. अडचण येते ती पुराव्याची. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मोबाइलमधील संदेश न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून वाद संपेपर्यंत मूळ संदेश आणि तो फोन जपून ठेवणे शहाणपणाचे.

मग स्टॅम्पपेपर कशासाठी?

मुद्रांक शुल्क हा सरकारचा महसूल आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या स्टॅम्पची जागा ५०० रुपयांच्या स्टॅम्पने घेतली. बांधकामाच्या ठेक्याला तर रकमेनुसार शुल्काची वेगळी तरतूद आहे. शुल्क कमी भरलेला दस्त ते शुल्क व दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण त्यामुळे करार मुळातच रद्द होत नाही. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. ‘चांगल्या दर्जाचे काम करून देईन’ एवढेच वाक्य स्टॅम्पवर लिहिले, तर स्टॅम्पमुळे त्याला अर्थ येत नाही.

सर्वांत कच्चा दुवा कोणता?

निश्चितता. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम २९ नुसार निरर्थक ठरतो. घराचा अख्खा ठेका यामुळे क्वचितच बुडतो; मात्र ज्या अटी मोघम आहेत, नेमक्या त्याच सिद्ध करता येत नाहीत.

या दोन जिल्ह्यांत मोघमपणा महाग पडण्याची कारणे जमिनीतच आहेत. मिरज-वाळव्याकडच्या काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा लागेल, हे खोदल्याशिवाय कळत नाही. साताऱ्याच्या डोंगरउतारावर तोच पाया लवकर खडकाला लागू शकतो. ठरलेल्या दरात पाया किती फुटांपर्यंत आणि त्याखाली गेल्यास जादा दर किती, हे लिहिलेच पाहिजे. कृष्णाकाठी जोत्याची उंची हा कळीचा मुद्दा आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी त्याच्या कितीतरी वर गेले होते. तिथे ‘जोते नेहमीसारखे’ हे वर्णन चालत नाही. पाटण तालुक्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे. तिथे सळईचा व्यास, अंतर आणि रिंगा स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या नकाशाप्रमाणेच, असे करारात असावे. माण, खटाव, जतमध्ये प्रश्न पाण्याचा. बांधकामाला आणि क्युरिंगला लागणारा टँकर कोणाच्या खर्चाने?

दराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मटेरियलसह ठेक्यात हा फायदा कोणाचा? भाव वाढल्यावर जादा पैसे मागण्याची अट असेल, तर उतरल्यावर कमी करण्याचीही असावी.

सही कोणाची हवी?

प्लॉट वडिलांच्या नावे, पैसे मुंबईतल्या मुलाचे आणि जागेवर सूचना देणारा धाकटा भाऊ, हे चित्र घरोघरी दिसते. दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती, असे कलम १३ सांगते. तिघे तीन गोष्टी सांगत असतील, तर ठेकेदाराने कोणाचे ऐकायचे? जागामालकाची सही आणि बदल मंजूर करण्याचा अधिकार असलेल्या एकाच व्यक्तीचे नाव करारात हवे. बांधकाम परवानगीही आधीच हवी. कायद्याने मनाई असलेल्या कामाचा करार कलम २३ च्या कचाट्यात सापडतो आणि मग दाद मागणेच अवघड होते.

जादा कामाचे काय?

बहुतेक भांडणे इथेच होतात. ‘एक खिडकी वाढवा’, ‘वर टाकी मोठी घ्या’ हे चहा पिता पिता सांगितले जाते. कलम ६२ नुसार दोघांच्या संमतीने करार बदलता येतो. संमती सिद्ध झाली नाही तरी ठेकेदार रिकाम्या हाती जातोच असे नाही. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर कलम ७० नुसार भरपाई द्यावी लागते. पण किती, यावर वर्षे जातात. ‘खिडकी एक, जादा इतके रुपये, इतके दिवस’ असा संदेश आणि त्यावर ‘मान्य’ हे उत्तर, एवढ्यावर तो वाद मिटतो.

काम अर्धवट सोडले तर?

समजा, ठेका २४ लाखांचा होता. मालकाने १६ लाख दिले आणि ठेकेदार निघून गेला. उरलेले काम दुसऱ्याने वाजवी दरात १४ लाखांत केले. एकूण खर्च ३० लाख, म्हणजे कलम ७३ नुसार मागता येणारे थेट नुकसान ६ लाख. मात्र दुसरा ठेकेदार कामाला लावण्याआधी झालेल्या कामाचे मोजमाप, फोटो आणि इंजिनीअरचा अहवाल हवा. नंतर ते मोजता येत नाही. हप्तेही तारखेवर न देता जोते, स्लॅब, गिलावा अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांवर दिले, तर ही वेळच सहसा येत नाही.

उशिराबद्दल ‘रोज ५,००० रुपये दंड’ लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असे नाही. कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. त्याहून दुर्लक्षित आहे कलम ५५. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती उलटून गेल्यावर मालकाने घर मुकाट्याने ताब्यात घेतले, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. ताबा घेतानाच तसे कळवावे लागते. वास्तुशांतीच्या गडबडीत ही नोटीस राहून जाते.

दाद कुठे मागायची?

स्वतःच्या प्लॉटवर ठेक्याने बांधलेल्या घरासाठी महारेरा उपयोगाचे नाही; त्यामुळे तिथली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमीही आपोआप मिळत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र घरबांधणीला ‘सेवा’ मानतो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मालकाच्या हाताखाली रोजंदारीवर काम करणारा गवंडी या कक्षेत येत नाही. ठेकेदाराला थकीत पैशांसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. काम झाल्यापासून मुदत तीन वर्षे.

लिहून मागणे म्हणजे अविश्वास?

गावचा, ओळखीचा, भावकीतला ठेकेदार असला की कागद मागणे अपमानाचे वाटते. प्रत्यक्षात नाती तुटतात ती कागद नसल्यामुळे. छोट्या ठेकेदारालाही कागदाची तेवढीच गरज आहे. त्याची मजुरी आणि सिमेंटची उधारी दोन्ही अडकलेली असतात.

सर्वांनाच वकील गाठणे जमणार नाही. म्हणूनच नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी बांधकाम परवानगीसोबत मराठीतला दोन पानांचा नमुना करार द्यावा. गृहकर्ज देणाऱ्या बँका आणि पतसंस्था टप्प्याटप्प्याने पैसे सोडतात. त्यांनी टप्प्यांची तीच यादी ठेकेदाराच्या करारातही मागावी. त्या दोन पानांत मोजमाप, साहित्य, दर, टप्पे, मुदत, बदलाची पद्धत आणि दुरुस्तीची हमी या सात गोष्टी आल्या, तर कुदळ मारण्याआधीच निम्मे वाद मिटलेले असतील.