आधी बोरू तासा!

दर वर्षी विशेषांकाचे पत्र येते आणि आम्ही तेच जुने दुःख नव्या पाकिटात घालून पाठवून देतो. फाळणीचे ओझे, दंगलीची राख, तलाक, संशयाने बघणारा शेजारी. हे विषय खोटे नाहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हे सारे मोठ्याने बोलणे गरजेचेच होते. पण पुढे आम्ही तीच वाक्ये इतक्या वेळा लिहिली, की आता पहिली ओळ वाचताच वाचक शेवटची ओळ सांगतो. खाजगीत आम्ही एकमेकांजवळ कबूल करतो, की सुचत नाही. जाहीरपणे मात्र दोष वाचकाला, प्रकाशकाला, नाहीतर मोबाईलला.

आम्ही म्हणजे कोण? दिवसभर उर्दू शाळेत उजवीकडून डावीकडे फळा भरणारे आणि रात्री डावीकडून उजवीकडे मराठी लिहिणारे मास्तर लोक. आमच्या या कोरडेपणावर जो तो एकच औषध सांगतो, आणखी वाचा, आणखी चिंतन करा. आमचे म्हणणे उलट आहे. डोक्याला आधीच अपचन झाले आहे. उपाशी आहेत ते हात.

आमच्या आडनावांकडेच बघा. मोमीन विणकर, पिंजारी कापूस पिंजणारा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा, मणियार बांगड्या भरणारा. बापजाद्यांनी हातावर पोट भरून आम्हांला डी.एड., बी.एड. केले. आम्ही नोकरीला लागलो आणि पहिली लाज वाटली ती त्याच हातांची. पिंजाऱ्याच्या नातवाच्या कवितेत कापसाची उपमा हमखास सापडते. पण कापूस पिंजताना खांदा नेमका कुठे भरून येतो, हे त्याला ठाऊक नसते. मग ती उपमा मेलेलीच निघणार, दुसरे काय!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मोहल्ल्यातल्या एका वयस्क कातिबसाहेबांपुढे जाऊन बसलो. लग्नाचे रुक्के, मुशायऱ्यांची पोस्टरे, दुकानांच्या पाट्या लिहिण्यात त्यांची उमर गेली. १९९४ मध्ये इनपेज आले, कॉम्प्युटर घराघरांत नस्तालिक काढू लागला आणि त्यांचा धंदा बसला. आमचे अक्षर बरे आहे, चार दिवसांत शिकू, अशी आमची घमेंड. साहेबांनी आठ दिवस कागदच दिला नाही. "मास्टरसाब, पहले हात कू काम सिकाव, दिमाग कू बाद में," म्हणाले आणि बोरूची जुडी पुढे टाकली. बोरू तासायचा, मधोमध चीर द्यायची, मग टोक तिरके कापायचे. याला कत म्हणतात, आणि तो एका दाबात बसला पाहिजे. हात हलला की बोरू फुकट गेला. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा ठेवायचा, म्हणजे बोरू हवी तेवढीच शाई उचलतो.

मग अलिफ. बोरूचे टोक पूर्ण टेकवून जरा ओढले की तिरपा चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. नस्तालिकमधला अलिफ असे तीन नुक्ते उंच. बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने दहाव्या शतकात अक्षरांना ठिपक्यांचे माप लावले, ते अजून चालते. आमचा अलिफ कधी साडेतीन, कधी अडीच. शंभर काढले, त्यात साहेबांनी दोनांवर बोट ठेवले, तेही जरा नाइलाजाने.

आणि काय सांगावे, त्या शंभरांत आम्हांला बरे वाटले. अलिफ कोणाचे प्रबोधन करत नाही. तो सरळ उभा राहतो किंवा राहत नाही. रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो, आणि चुकली तर विशेषण लावून सावरता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही आपला एक जुना लेख काढून वाचला. सहा पानांतून चौदा ओळी उरल्या. कातिबसाहेबांची शाईने काळी पडलेली नखे मात्र त्यात नव्याने आली. इतकी वर्षे त्याच गल्लीतून जात होतो, ती नखे दिसली नव्हती.

बहादूरशाह जफर शायर होता, तसाच खुशनवीसही होता. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता चित्रांत शिरले आणि १९३० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले. आमचे जी. ए. चित्रे काढत. आम्हांलाच कसली इभ्रत आडवी येते?

फुरसत नाही म्हणतात. जनगणना, मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, सगळे खरे. पण हॉटेलात चहावर कोणाला कोणता पुरस्कार कसा मिळाला, यावर दोन तास निघतातच ना? आणि एक जण म्हणतो, समाज जळत असताना लेखकाने रेघोट्या काढायच्या? भाईसाहेब, समाजासाठीच लिहिता ना, मग वाचवेल असे तरी लिहा. आमच्या घरातल्या बायका जुन्या साड्या-लुंग्यांच्या गोधड्या शिवतात, कोणत्या रंगाशेजारी कोणता तुकडा, ते नजरेने ठरवतात. त्यांना आम्ही कधी कलावंत म्हटले नाही. त्याच गोधडीवर लोळून 'सुचत नाही' म्हणतो!

शाळेतही तेच. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, आणि खोटे कशाला बोला, तो तास मागून घेणाऱ्यांत आम्हीही होतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना आमची किती पोरे बसतात, ते ज्याने त्याने आपल्या शाळेत मोजावे.

पुढच्या संमेलनात एक परिसंवाद कमी करा. अध्यक्षीय भाषणाला हात लावायची आमची हिंमत नाही. मांडवाच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाका, कातिबसाहेबांना मानाने बोलवा, शेजारी गोधडी घेऊन दोन खाला बसवा, आणि कवींना नाव वाचायच्या आधी तिथे तासभर पाठवा. बोरू तासून आम्ही आणतो.