टीएसएच नॉर्मल आले, म्हणून गोळी बंद?

नागपुरातला एप्रिल महिना. बाहेर ऊन रणरणत होते, दवाखान्यात कूलर घरघरत होता आणि समोर बसलेली पंचेचाळिशीची बाई पदर अंगाभोवती घट्ट ओढून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेवढा कूलर बंद करता का? थंडी वाजून राहिली." नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याला थंडी वाजते, त्याच्याकडे डॉक्टरने नीट पाहिलेच पाहिजे. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, पाळीत रक्तस्राव जास्त, पोट साफ होत नाही, दिवसभर पडून राहावेसे वाटते. घरची मंडळी म्हणत, आळशी झाली आहे. रक्त तपासले तर टीएसएच ८० च्या वर आणि टी-४ अगदी कमी. थायरॉइड ग्रंथी मंदावली होती.

मी गोळी लिहून दिली, "सकाळी एक" एवढे सांगितले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चार महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला. बाई खूश, मीही खूश. त्यानंतर ती आली ती आठ महिन्यांनी, पुन्हा तोच सुजलेला चेहरा घेऊन. "रिपोर्ट तर नॉर्मल आला होता, मग गोळी कायले घ्यायची?" तिच्या यजमानांनी मला विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. चूक माझी होती. पहिल्याच दिवशी पाच मिनिटे खर्चून जे सांगायला हवे होते, ते मी सांगितले नव्हते. तेच आज लिहितो आहे.

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. ती टी-४ आणि थोडे टी-३ तयार करते आणि त्यावर शरीराचा सारा कारभार चालतो. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. शेतावरच्या मुकादमासारखीच म्हणा ना. मजूर हळू काम करू लागला की मुकादमाचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे त्या मुकादमाचा आवाज. म्हणून थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढते, आणि ग्रंथी जास्त काम करू लागली की टीएसएच खाली जाते. पुष्कळांना हे उलटे वाटते आणि टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढले, असे समजून ते घाबरतात.

साधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपासचे टीएसएच नॉर्मल समजतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवरच छापलेली असते. मात्र एकदाच केलेल्या तपासणीत टीएसएच ५ किंवा ६ आले आणि टी-४ नॉर्मल असले, तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. वयस्कर माणसांत तो थोडा जास्त असतोच. गर्भवती स्त्रीची गोष्ट वेगळी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, तिथे वाट पाहत बसू नये.

गोळीत असते ते शरीरात तयार होणारेच टी-४. हे औषध नशेचे नाही की सवयीचे नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी अशाच एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. नंतर तोच अर्क तोंडाने घेत ती बाई आणखी २८ वर्षे जगली. आज तेच काम एक छोटी गोळी करते. ग्रंथी कायमची निकामी झाली असेल, तर रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. चष्मा लावल्यावर नीट दिसते, म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही.

आता घेण्याची रीत. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घेऊ नये. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. एखाद्या दिवशी विसरलात, तर आठवेल तेव्हा घ्या. हृदयविकार असलेल्यांचा डोस अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवतात. त्यांनी तो आपल्या मनाने वाढवू नये. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे असे झाले, तर डोस जास्त होत असेल. डॉक्टरांना भेटा.

नागपूरकरांना एक खास सूचना. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या गोळीला उष्णता, ऊन आणि ओल सोसत नाही. बाटली खिडकीत, ओट्याजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. बाटलीवर छापलेले तापमान वाचा आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ती झाकण घट्ट लावून ठेवा.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासावे. टी-४ रक्तात सावकाश साचते आणि मुकादमाचा आवाजही सावकाश उतरतो. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. डोस जमला की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा पुरते. दर वेळी टी-३ ची गरज बहुतेकांना नसते. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्या.

आमच्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, पहिली चिठ्ठी लिहिताना पाच मिनिटे द्या. आणि वाचकहो, कोणी ती दिली नाहीत, तर तुम्ही मागून घ्या. ही गोळी किती दिवस, कशी घ्यायची आणि तपासणी केव्हा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

त्या बाईंची गोळी पुन्हा सुरू झाली. परवा भर उन्हात त्या आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कूलर जरा फास्ट करा ना." रिपोर्ट मी नंतर पाहिला.