आजींचे गुण कुणाच्या मापाने?

कोडोली गावातल्या अक्षरओळख नसलेल्या आजींना स्मरणशक्तीच्या चाचणीत 'शंभरातून सात वजा करत जा, कागदावर एक वाक्य लिहा' असं सांगितलं, तर त्या गडबडणारच. गुण कमी पडले म्हणून स्मृतिभ्रंश झाला, असं कसं म्हणायचं? 1975 साली अमेरिकेत तयार झालेली ही 30 गुणांची चाचणी शाळा शिकलेल्यांच्या सोयीची. हरियाणातल्या बल्लभगडसाठी 1995 मध्ये तिचं हिंदी रूप मांडताना संशोधकांनी वाक्य लिहायला लावलं नाही, घराविषयी बोलायला सांगितलं. असंच ओळखीचं काही विचारलं, जोतिबाची मोठी यात्रा कोणत्या महिन्यात असं, तर ते आमच्या आजी झोपेतही सांगतील! वय, शिक्षण आणि बोली पाहून ठरवलेली गुणांची प्रमाणं आपल्याकडच्या दवाखान्यांत हवीतच. तोवर डॉक्टरांनी सुनेलाही विचारावं: आजी गॅसवरचं दूध विसरतात का, बाजारात सुटे पैसे मोजून घेतात का?